मदत हवी आहे: 'चिलिंग'ला चेक भाषेत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न (पाटीपेन्सिल): एका गुन्हेविषयक लेखाचं इंग्रजीतून चेकमध्ये भाषांतर करतोय. 'चिलिंग टेस्टिमनी' म्हणजे अंगावर काटा आणणारी साक्ष, त्यासाठी शब्दकोशातून 'ख्लाद्यित्सी स्व्येदेत्स्त्वी' असं जुळवलं, तर तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली. पुढे 'अ चिल रॅन डाउन हिज स्पाइन', 'कॉट अ चिल', 'सर्व्ह चिल्ड' आणि 'चिलिंग इफेक्ट' हेही आहेत. सगळीकडे 'ख्लाद' (गारवा) चालेल का?

कोकमसार: नाही चालणार. 'ख्लाद्यित्सी' म्हणजे थंड करण्यासाठी बनवलेलं. गाडीच्या कूलंटला तो शब्द लावतात. तुमची साक्ष फ्रीजमधली झाली!

भीतीसाठी चेक माणूस 'म्रास'कडे, म्हणजे कडाक्याच्या गोठवणाऱ्या थंडीकडे जातो. 'म्राझिवे स्व्येदेत्स्त्वी' लिहा. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: म्राझिवी त्रिलर (पुल्लिंग), म्राझिवा आत्मोस्फेरा (स्त्रीलिंग), म्राझिवे तिखो म्हणजे जीवघेणी शांतता (नपुंसक). हेच विशेषण हवामानालाही लागतं. 'म्राझिवे रानो' ही नुसती गोठवणारी सकाळ, त्यात भूतबित काही नाही. अर्थ पुढचं नाम ठरवतं.

पाठीच्या कण्याचं वाक्य: 'ब्येहा मि म्रास पो झादेख', शब्दशः 'माझ्या पाठीवरून हिमकडाका धावतोय'. हे 'मला' झालं. तुमच्या वाक्यात 'त्याला' आहे, शिवाय भूतकाळ, म्हणून 'ब्येहाल मु म्रास पो झादेख'. मराठीत आपण अंगावर काटा आला म्हणू. एका क्षणात चर्रकन झालं असेल तर 'झाम्राझिलो म्न्ये'. इथे कर्ता नाही, क्रियापद नपुंसकलिंगी, आणि 'मला' द्वितीयेत. कर्ता शोधत बसू नका.

पाटीपेन्सिल: मग 'ख्लाद्नी' (थंड) कुठे वापरायचं? लेखात खुनीही आहे.

कोकमसार: खुन्यालाच वापरा. थंड डोक्याने मारणारा तो 'ख्लाद्नोक्रेव्नी व्राख'. खुनी ख्लाद्नी, वाचणाऱ्याला म्रास, एवढा फरक धरला की निम्म्या चुका टळतात. स्वतःला थंडी वाजत असताना 'य्सेम ख्लाद्नी' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, हा माणूस भावनाशून्य आहे.

हिवरवाट: थंडी वाजते याला 'ये मि झिमा'. 'मि' म्हणजे 'मला', चतुर्थी. मराठीत 'मला थंडी वाजते'सारखीच बांधणी, त्यामुळे आपल्याला हे इंग्रजीवरून आलेल्यांपेक्षा सोपं जातं. 'झिमा'चा अर्थ हिवाळाही होतो. संस्कृत 'हिम', मराठी 'हीव' आणि चेक 'झिमा' एकाच मुळाचे आहेत. आपला 'हिवताप' जसा हिवावरून, तशी त्यांची 'झिम्नित्से' झिमावरून, म्हणजे ताप चढताना भरणारी हुडहुडी. पीतज्वरालाही ते 'झ्लुता झिम्नित्से' म्हणतात. त्यामुळे आजाराच्या वाक्यात 'चिल्स' आलं तर हा शब्द घ्या, भीतीच्या वाक्यात घेऊ नका.

'कॉट अ चिल'चं सर्दी झाली इतकंच असेल तर 'नास्तिद्नोउत' किंवा 'नाख्लाद्यित से'. दुसऱ्यात 'से' विसरायचं नाही, पहिल्यात घुसवायचं नाही. थंडीत उभं राहून अंग गार पडलं असेल तर 'प्रोख्लाद्नोउत'.

कोकमसार: 'सर्व्ह चिल्ड' म्हणजे 'पोदावेय्ते व्हिख्लाझेने', मुद्दाम थंड केलेलं. 'व्हिख्लाद्ले' लिहिलंत तर निवलेलं, म्हणजे विसरून टेबलावर राहिलेल्या कॉफीसारखं. वाइनच्या बाबतीत ही गंमत महागात पडेल.

'चिलिंग इफेक्ट'मध्ये थंडीचा संबंधच ठेवू नका. शिक्षेच्या धास्तीने लोक बोलायचंच टाळतात, हा कायद्यातला अर्थ. तिथे 'ओद्राझुयीत्सी ऊचिनेक', परावृत्त करणारा परिणाम.

हिवरवाट: एक शुद्धलेखनाचं. 'ख्लाद्यित्सी'त मधला 'इ' ऱ्हस्व असेल तर वस्तूचा उपयोग सांगितला जातो. दीर्घ केलात ('ख्लाद्यीत्सी') तर आत्ता प्रत्यक्ष थंड करत असलेला, असा अर्थ होतो. चेक लोकही इथे अडखळतात, पण संपादक सोडत नाहीत.

पाटीपेन्सिल: साक्ष 'म्राझिवे', खुनी 'ख्लाद्नोक्रेव्नी', वाइन 'व्हिख्लाझेने'. 'कॉट अ चिल' लेखात पावसात भिजलेल्या पहारेकऱ्याबद्दल आहे, दुसऱ्या दिवशी त्याला शिंका येतायत.

हिवरवाट: शिंका आहेत म्हणजे 'नास्तिद्ल'. 'से' नको.