सम्प भरून हॉलमध्ये पाणी, टाकी मिनिटाला एकदा फ्लश मारते. मदत हवी आहे

अनगोळ_नाका
पाच बाय दोन बाय दोन फुटांची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची), खाली सम्प, म्हणजे वरचं पाणी उतरतं ती दुसरी टाकी. पाणी भरून अकरा दिवस झाले. त्रास दोन आहेत. एक, ओव्हरफ्लोच्या पेटीतून (टाकीतलं पाणी जिथून सम्पकडे उतरतं ती) मिनिटाला एकदा संडासाचा फ्लश ओढल्यासारखा आवाज येऊलाय. दोन, करंट गेला की सम्प भरून पाणी फरशीवर. काल दोनदा झालं, घरात आता माझ्याशी कोणी बोलत नाही.
रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत वर टाकतो तो) मोठा घेऊ की लहान, तेवढं सांगा. शनिवारी सुट्टी आहे, त्याच दिवशी बदलायचाय.

निपाणी_खारंपाणी
पंप किती लिटरचा? सम्पचं माप? चालू असताना पंपाच्या कप्प्यात पाणी किती इंच? पेटीत भोकं किती आणि कुठल्या मापाची? ड्रेन ड्युर्सो आहे (एकाच पाइपातून हवा-पाणी मिळून उतरतं), हर्बी आहे (एक पाइप पूर्ण भरून ओढणारा, दुसरा आणीबाणीचा) की तीन पाइपांचा? रिटर्नचं तोंड पाण्याखाली किती खोल? यातलं काहीच दिलं नाही आणि पंप मोठा की लहान विचारता.

गणपत_गल्ली
एवढं कशाला विचारता? रिटर्नला एक एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप) ठोका. करंट गेला की पाणी मागे येणार नाही, विषय संपला.

अनगोळ_नाका
एनआरव्ही आहे की ओ, पहिल्या दिवसापासून! पंप ८००० लिटर. सम्प तीन बाय दीड बाय दीड. भोकं दोन, सव्वा इंचाचं ड्रेनला आणि एक इंचाचं रिटर्नला. ड्रेन ड्युर्सो. सम्पमध्ये पाणी अर्ध्याच्या वर. सगळं पीव्हीसी आहे.

निपाणी_खारंपाणी
"अर्ध्याच्या वर" म्हणजे किती? पट्टी लावून बघा. आणि रिटर्नच्या तोंडाचं अजून सांगितलं नाही.

अनगोळ_नाका
बारा इंच. तोंड पाण्याखाली तीन इंच, वर ठेवलं की शिंतोडे उडतात.

निपाणी_खारंपाणी
मग हिशोब सरळ आहे. तुमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेतेवीस लिटर. पंप थांबला की रिटर्नचा पाइप उलटा ओढायला लागतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. तीन इंच गुणिले साडेतेवीस, सत्तर लिटर. पाइपातलं आणि पेटीतलं धरून पंचाहत्तर. सम्पमध्ये इंचाला साडेदहा लिटर मावतात, म्हणजे पातळी सात इंच चढणार. बारा आणि सात एकोणीस, सम्प अठरा इंचाचा. तो एक इंच तुमच्या फरशीवर आहे. शिवाय बॅफलच्या, म्हणजे सम्पमधल्या आडव्या काचांच्या, अलीकडच्या कप्प्यांत पाणी आधीच उंच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात जागा याहून कमीच.
तोंड वर घ्या, पाण्याखाली एक इंच ठेवा. शिंतोडे नकोत तर लॉकलाइनचं (हवी तशी वळणाऱ्या नळीचं) चपटं तोंड लावून धार आडवी करा. पाण्याच्या रेषेच्या जरा खाली रिटर्न पाइपला चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा, पातळी तिथपर्यंत उतरली की हवा शिरून ओढ तुटते. पंपाच्या कप्प्यात नऊ इंचावर खुणेची पट्टी चिकटवा, त्यावर पाणी घालायचं नाही.

गणपत_गल्ली
पण त्याच्याकडे एनआरव्ही आहे म्हणतोय ना. मग पाणी मागे आलंच कसं?

निपाणी_खारंपाणी
तेच तर. रीफमध्ये एनआरव्हीच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, शेवाळ अडकतं, एखादी बारकी गोगलगाय जाऊन बसते. झडप केसभर उघडी राहिली तरी तासाभरात सगळं पाणी खाली. असावा तर असू दे, पण तो नाहीच असं धरून सम्पची पातळी ठरवायची.

मच्छे_वर्कशॉप
स्प्रिंगवाला एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) एनआरव्ही घ्या, लीक होत नाही. उद्यमबागेत लेथवर सीट घासून पण मिळेल. आणि स्टँड कसलं आहे? एमएसचा (साध्या लोखंडाचा) चौकोनी पाइप असेल तर दोन हात इपॉक्सी मारा, खाऱ्या पाण्यात साधा ऑइल पेंट वर्ष टिकत नाही.

चोर्ला_रोड
३१६ नंबरच्या स्टेनलेसला पण खाऱ्या पाण्यात चट्टे पडतात हो, विशेषतः पाणी साचून राहतं तिथे. आणि स्टँडचं त्याने विचारलंच नाही.
मला दुसरं विचारायचंय. मीठ विकत घेता की गोव्याहून समुद्राचं पाणी आणता? कॅन भरून आणलं तर साडेसातशे लिटरचं मीठ वाचेल.

टिळकवाडी_रीफ
दादा, पावसाळा चालू आहे. मांडवी-झुवारीच्या मुखाजवळचं पाणी आत्ता निम्मं गोडं असतं, वर गाळ आणि बोटींचं तेल. मीठ लिटरला छत्तीस-सदतीस ग्रॅम, आरओ-डीआयने गाळलेल्या, शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्यात. सापेक्ष घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत) १.०२५ ते १.०२६, पंचवीस अंशाला. पुढचं वेगळ्या धाग्यात.
अनगोळ, फ्लशचं राहिलंय. तुमच्या ड्युर्सोच्या टोपीला हवेचं भोक आहे का?

अनगोळ_नाका
होतं. फुस् फुस् आवाज यायचा म्हणून एम-सील लावून बंद केलं.

टिळकवाडी_रीफ
मग तुमचा आवाज तुम्हीच तयार केलाय. ड्युर्सोत पाण्याबरोबर हवा खाली जाते आणि त्या भोकातून तेवढीच हवा आत येत राहते, म्हणून पातळी एका जागी टिकते. भोक बंद केलं की पाइप पूर्ण भरून सायफन लागतो. सायफन पंपापेक्षा जास्त ओढतो, पेटी रिकामी होते, तोंडाशी हवा शिरते, सायफन तुटतो. परत पेटी भरते, परत ओढतो. तुमचा मिनिटाचा फ्लश तोच.
एम-सील काढलं की फ्लश थांबेल, फुस् फुस् परत येईल. टोपीत हवेच्या बारक्या पाइपवर लागते ती चिमटी बसवून भोक लहान-मोठं करता येतं. पण तुमचा ८००० चा पंप सहा फूट चढवून निम्मा जरी देत असला तरी तासाला चार हजार लिटर झाले. सव्वा इंचाचा ड्युर्सो एवढ्यावर शांत चालणार नाही.

निपाणी_खारंपाणी
ड्युर्सो ठेवूच नका. भोकं दोन आहेत, हर्बी करा. रिटर्नचं भोक ड्रेनला द्या, रिटर्न टाकीच्या मागच्या काठावरून आत घ्या. सव्वा इंचाच्या पाइपाला सायफन करा, जास्त ओढेल. एक इंच आणीबाणीला.

टिळकवाडी_रीफ
उलटं सांगताय. सायफनला तर व्हॉल्व्ह लावून दाबायचंच आहे, एक इंच भरपूर झाला. तीन फूट पडणाऱ्या भरल्या पाइपाला चार हजार जड नाहीत. आणीबाणीचा पाइप मोठा हवा, कारण सायफनमध्ये शेवाळ अडकलं तर सगळं पाणी त्या एकट्याने न्यायचंय, तेही हवेसकट. तिथे एक इंच ठेवलात तर पुढची तक्रार टाकी वरून वाहते अशी येईल.

निपाणी_खारंपाणी
हं. बरोबर आहे. मी ओढीचा विचार करत होतो, अडकण्याचा नाही.

गणपत_गल्ली
पंप सरळ इन्व्हर्टरवर टाका. करंट गेलाच नाही तर पाणी मागे येणार कसं?

टिळकवाडी_रीफ
काय गा, बॅटरी संपल्यावर काय करणार? साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर एसी पंप घुमतो आणि तापतो तो वेगळाच. बॅकअप द्यायचाच तर चोवीस व्होल्टच्या डीसी वेव्हमेकरला (टाकीतलं पाणी हलवणाऱ्या पंख्याला) द्या, प्राणवायूपुरती हालचाल तेवढ्याने होते.

खानापूर_साइट
टाकी कितव्या मजल्यावर आहे? पाण्याचेच साडेपाचशे किलो, काच शंभर, वर दगड, वाळू, सम्प, स्टँड. जवळजवळ टन दहा चौरस फुटांत. घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या वापरभारावर धरलेला असतो. भिंतीलगत, बीम आडवे जाईल अशी ठेवलीय ना?

अनगोळ_नाका
तळमजला. खाली काळी माती, वर शहाबादी. बाकी पंचायत नको. हर्बीला नेमकं काय आणू?

टिळकवाडी_रीफ
आधी पाइप कुठला वापरलाय ते सांगा, पांढरा यूपीव्हीसी की शेतीचा करडा?

अनगोळ_नाका
पांढरा. ड्रेनला खाली एक तुकडा करडा आहे, घरात पडलेला. जरा सैल बसला, सोल्युशन जास्त लावलं. तिथे बारीक ओल येते.

टिळकवाडी_रीफ
येणारच. करडा मिलिमीटरच्या मापाचा, पांढरा इंचाच्या. पांढऱ्या सव्वा इंचाचा बाहेरचा व्यास ४२.२ मिमी, करडा ४०. दोन मिलिमीटरची फट सोल्युशनने भरत नाही, सोल्युशन पाइप वितळवून जोडतं, ते पुट्टी नाही. एक इंचाचंही तसंच, ३३.४ आणि ३२. तुकडा कापून टाका, सगळं एकाच मापाचं घ्या.

आणायचं: यूपीव्हीसी पाइप सव्वा आणि एक इंच, दोन्हीला एकेक युनियन (खोलता येणारा जोड). ९० चे एल्बो टाळा, दोन ४५ चे लावा. एक इंचाचा प्लास्टिक बॉडीचा गेट व्हॉल्व्ह. दुकानात मिळतो तो बहुतेक पितळेचा असतो, तो नको. प्लास्टिकच्याची पण दांडी पितळेची नाही ना ते बघून घ्या. नाहीच मिळाला तर पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह चालेल, पण तो केसाकेसाने फिरवत बसावा लागतो.

पेटीत मोठ्या पाइपाचं तोंड पेटीच्या कडेच्या दातांच्या दोन इंच खाली, टोपी न लावता उघडं. छोट्याचं तोंड त्याच्याही दहा इंच खाली, वर जाळी. सम्पमध्ये सायफनचं टोक पाण्याखाली एकच इंच बुडवा. जास्त खोल गेलं तर करंट आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन लागतच नाही, हर्बी चालत नाही म्हणणारे निम्मे लोक इथेच फसलेले असतात. टँक निपलचा (काचेच्या भोकात बसतो त्या जोडाचा) रबर वॉशर पाण्याच्या, म्हणजे कॉलरच्या बाजूला. हाताने आवळून वर पाव फेरा, पाना लावून काच फोडू नका. सोल्युशन एक दिवस वाळू द्या.
मग पंप चालू करून गेट हळूहळू दाबा. पाणी मोठ्या तोंडातून बारीक धारेने उतरायला लागलं की हात काढा. पातळी स्थिर व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात परत परत फिरवू नका. पंप जोराचा वाटला तर बाहेर जाणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह लावून दाबा, आत घेणाऱ्या बाजूला कधीच नाही. म्हणजे पंप आहे तोच राहू दे.
आताच्या प्लंबिंगचा एक फोटो टाका.

अनगोळ_नाका
[फोटो]

निपाणी_खारंपाणी
रिटर्नवर ते पिवळं काय आहे?

अनगोळ_नाका
एनआरव्ही. बोअरच्या मोटरच्या लायनीचा. बाकी सगळं पीव्हीसीच आहे, तेवढं एक सोडून.

निपाणी_खारंपाणी
पितळ! अकरा दिवस खाऱ्या पाण्यात! टाकीत जनावर काय आहे?

अनगोळ_नाका
पाच गोगलगायी टाकल्या होत्या. तीन गेल्या. पाणी नवीन आहे म्हणून गेल्या असतील असं वाटलं.

टिळकवाडी_रीफ
तेही खोटं नाही, अकरा दिवसांत अमोनिया उतरलेला नसणारच. पण पितळात तांबं असतं आणि तांब्याला गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ सगळ्यांत आधी जातात, माशांना बराच काळ काही होत नाही. शनिवारची वाट बघू नका, आत्ता काढा. अमोनिया आणि तांबं, दोन्हीच्या चाचण्या करा. निम्मं पाणी बदला, ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा क्युप्रिसॉर्ब (तांबं शोषणारे दाणे) सम्पमध्ये लावा. दगडात मुरलेलं तांबं हळूहळू बाहेर येत राहतं, एक चाचणी कोरी आली म्हणून थांबू नका, आठवड्याला करत राहा. तोवर प्रवाळ आणायचं नाव नको.

खानापूर_साइट
प्रवाळ कुठून आणणार तेही बघा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात प्रवाळ आहेत. आपल्या समुद्रातला एक तुकडा किंवा प्रवाळ चिकटलेला दगड उचललात तरी गुन्हा.

अनगोळ_नाका (रविवार)
पितळ काढलं. हर्बी केला, एक इंच सायफनला, सव्वा मोकळा. गेटला पाच फेरे बंद, वर पाव फेरा. आवाज गेला, आता फॅनचाच येऊलाय. मेन स्विच बंद करून बघितलं. चालू असताना नऊ इंच होतं, तेरावर येऊन थांबलं. परत चालू केल्यावर अर्धा मिनिट गडगडलं, मग गप्प. तांब्याचं किट अजून आलं नाही. दोन गोगलगायी काचेवर आहेत.

टिळकवाडी_रीफ
तेरा बरोबर येतंय. एक इंच टाकीतलं चोवीस लिटर, दहा इंच पेटीतलं तेरा, पाइपातलं दोन-तीन. चाळीसला चार इंच. रिटर्न पाइपाचं हवेचं बारीक भोक पंधरा दिवसांनी दातकोरणीने साफ करा, शेवाळाने बुजलं की परत ओढेल. आणि पंपाची वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब सॉकेटात उतरणार नाही. तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे ना?

अनगोळ_नाका
आरसीसीबी म्हणजे एमसीबीच ना?

निपाणी_खारंपाणी
नाही! एमसीबी जास्त भाराला पडतो, आरसीसीबी करंट गळायला लागला की. हात घालायच्या आधी बोर्डाचा फोटो टाका.

चोर्ला_रोड
दिवाळीनंतर गोव्याचं पाणी चालेल का?