बरबरी शेळीचं दूध आटलं, खुराक कोणता वाढवू? (तातडीने)

माळावरची:
दोन बरबरी शेळ्या आहेत, बांधूनच पाळतो. त्यातल्या एकीचं दूध परवापासून निम्म्यावर आलंय. पेंड वाढवली, मक्याचा भरडा वाढवला, काही फरक नाही. धार काढायला बसलं की लाथा झाडते. सासूबाईंना शेळीचंच दूध लागतं. "जुने धागे वाचा" सांगू नका, वाचलेत. खुराकात नेमकं काय घालू तेवढं सांगा.

काळी_माती:
कितवं वेत? व्यायला किती दिवस झाले? करडं किती, सोबत असतात की वेगळी? आणि भरडा असा एकदम वाढवू नका, पोटात आंबतो, शेळी आडवी पडते.

संगमनेरवाला:
ताई, बरबरी मुळात उत्तर प्रदेशातली, एटा-आग्र्याकडची. अंगानं लहान, दिवसाला लिटरभर दिलं तरी पुष्कळ. दुधासाठी आपली संगमनेरी घ्या.

गोठा_तीन:
बांधून पाळायला बरबरीच बरी. जागा कमी, चारा कमी, बहुतेकदा जुळी देते. मथुरेजवळ मखदूमला शेळ्यांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथंही या जातीवर काम चालतं. संगमनेरीला फिरायला रान लागतं, ते दोन गुंठ्यांत कुठून आणणार?

संगमनेरवाला:
माझ्या संगमनेरी गोठ्यातच आहेत. येऊन बघा.

हिरवा_बांध:
शतावरी चूर्ण गुळातून द्या. आमच्याकडं पान्हा लगेच वाढतो. सुबाभूळ घालत असाल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको, त्यात मायमोसिन हा विषारी घटक असतो.

नवा_पाळक:
ईदला बरबरी बोकडाला काय भाव मिळतो? अनुदानाचा अर्ज कुठं करायचा?

माळावरची:
दुसरं वेत, महिना होत आला. दोन करडं, रात्री वेगळी बांधतो. डावीकडून पिऊ देत नाही, ढकलून देते. शतावरी किती द्यायची?

काळी_माती:
शतावरी राहू द्या! डावीकडची कास हातानं बघा, गरम, कडक आहे का? त्या सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत काढा.

माळावरची:
गरम आहे. दुधात दह्यासारख्या गुठळ्या आल्या.

काळी_माती:
ही दगडी आहे, म्हणजे कासेचा दाह. आजच डॉक्टर बोलवा, 1962 वर फोन करा, फिरता पशुदवाखाना येतो. उशीर केला तर ती बाजू कायमची जाईल. तिकडचं दूध कुणीही पिऊ नका, करडांनाही नको.

हिरवा_बांध:
आधी हळदीचा लेप लावून बघा, लगेच इंजेक्शन कशाला?

गोठा_तीन:
लेप लावत बसल्यानं माझ्या एका शेळीचा सड कायमचा गेला. डॉक्टरच बोलवा.

माळावरची:
डॉक्टर येऊन गेले. सडात औषध सोडलं, इंजेक्शनही दिलं. उजवीकडचं दूध सासूबाईंना चालेल ना?

काळी_माती:
नाही. इंजेक्शनचं औषध रक्तातून दोन्ही बाजूंच्या दुधात उतरतं. किती दिवस टाकायचं ते डॉक्टरांनाच विचारा. बरी झाली की धार काढल्यावर अर्धा तास उभी ठेवा, सडाचं तोंड उघडं असतं. खाली बसली की घाण आत जाते. तोवर सासूबाईंना दुसरीचं द्या.

माळावरची:
दुसरी गाभण आहे, चार महिने झाले. दूध कधीच आटवलंय.

संगमनेरवाला:
कुठं राहता?

माळावरची:
सासवडजवळ.

संगमनेरवाला:
मी जेजुरीला. रोज सकाळी अर्धा लिटर देतो, बाटली घेऊन कुणाला तरी पाठवा. दूध उकळूनच द्या त्यांना.