आयईएलटीएस स्पीकिंग: कायमचं कॅनडाला जाण्याबद्दल बोलताना इमिग्रेट, एमिग्रेट की शिफ्ट? मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, मनीषनगरात राहते. नवरा आणि मी कॅनडाच्या पीआरच्या (तिथे कायम राहण्याच्या परवानगीच्या) मागे लागलोय. त्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, तोंडावर आलीय. सीएलबी (कॅनडाची भाषेची मोजपट्टी) ९ साठी लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ बँड (म्हणजे गुण) हवेत. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी करून एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं असतं, तिथे माझी गाडी अडते.

आपल्याकडे अमक्याचा पोरगा 'कॅनडात सेटल' झाला म्हटलं की संपलं. मग तो स्टडी परमिटवर असो की तिथला नागरिक. मीही इंग्रजीत 'वी आर शिफ्टिंग टु कॅनडा' म्हणून मोकळी होते. क्लासचे सर म्हणाले, शिफ्ट नको, मूव्ह म्हणा. का, ते विचारेपर्यंत ते पुढच्या मुलाकडे वळले होते.

एमिग्रेट म्हणजे देश सोडणं, इमिग्रेट म्हणजे नव्या देशात राहायला येणं, इतपत कळलंय. पण मी तर अजून नागपुरातच आहे, मग माझ्या बेताला काय म्हणू? विमानतळावर देश सोडतानाही पाटी 'इमिग्रेशन'ची, आणि पासपोर्टच्या 'ईसीआर'मधला (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) ई मात्र एमिग्रेशनचा! शिवाय घाईत बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात. चुकलं तर बँड जातो का?

आणखी एक. पीआर आणि सिटिझनशिप वेगळी, हे सासऱ्यांना रोज समजावते (त्यांना वाटतं, विमानात बसलो की भारताचं नागरिकत्व गेलं). हा फरक इंग्रजीत एका वाक्यात कसा सांगायचा?

— मनीषनगरची सून

प्रतिसाद १, जुना परीक्षार्थी:
ताई, एका शब्दाने बँड जात नाही. शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक. ओघ, व्याकरण, उच्चार यांनाही तेवढंच वजन. 'आय एम प्लॅनिंग टु इमिग्रेट टु कॅनडा' बिनधास्त म्हणा. 'एमिग्रेट टु कॅनडा'ही चूक नाही, फक्त बोलणारा सोडलेल्या देशाच्या बाजूने बघतो. 'फ्रॉम इंडिया' म्हणायचं असेल तर एमिग्रेटच. अडखळलात तर 'मूव्ह टु कॅनडा फॉर गुड'. यातल्या गुडचा चांगल्याशी संबंध नाही, अर्थ कायमचं. घर बदलण्याला शिफ्ट म्हणणं भारतातलं, बाहेर ते कानाला खटकतं.

सासऱ्यांसाठी: 'अ परमनंट रेसिडेंट कॅन लिव्ह अँड वर्क देअर, बट कॅनॉट व्होट.' सिटिझनशिप मागायला अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे राहिलेलं लागतं. ती घेतली की मग मात्र भारताचं नागरिकत्व जातं, तोवर नाही.

प्रतिसाद २, धरमपेठकर:
परीक्षेत काय बोलायचं ते बोला, पण पुढे सासू-सासऱ्यांच्या व्हिजिटर व्हिसाच्या पत्रात 'सेटल' लिहू नका बाप्पा! तिथे 'व्हिजिट'च, आणि परत कधी येणार तेही लिहा.