मदत हवी आहे: साराचं ट्वी पॉप गाणं (अर्जंट)

उपाशी_बोका
एक गाणं शोधून शोधून डोकं उठलंय, कोणीतरी सांगा प्लीज. गायिकेचं नाव सारा आणि प्रकार ट्वी पॉप (ती गोड गोड, भोळ्या आवाजाची गिटारवाली गाणी), हे नक्की कारण ज्या बाईने लावलं होतं तिनेच सांगितलं. शनिवारी एका मैत्रिणीच्या बर्थडेला लावायचंय. सारा टाकून, ट्वी टाकून, दोन्ही टाकून शोधलं, भलत्याच सारा येतात. शझाम (गाणं ओळखणारं ॲप) वगैरे सुचवू नका, तेव्हा सुचलं असतं तर इथे कशाला आलो असतो. ट्वीच्या याद्या पण नकोत, एकच गाणं पाहिजे.

झणझणीत
शब्द? चाल? जुनं की नवं? गिटार की कीबोर्ड? काहीतरी दे बाबा, इथे कोणी ज्योतिषी बसलेला नाही.

ग्लासगोचा_बाब्या
सोप्पंय. बेल अँड सेबॅस्टियन. त्यांच्यात सारा मार्टिन आहे, व्हायोलिन वाजवते आणि गाते पण. विषय संपला. ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी टायगरमिल्कपासून सुरू करा, १९९६ चा अल्बम, ग्लासगोच्या स्टो कॉलेजात म्युझिक बिझनेसचा कोर्स होता त्यातल्या पोरांच्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीवर, निघाला, फक्त १००० रेकॉर्डी छापल्या होत्या. आणि १९९९ ला ब्रिट अवॉर्डमध्ये हेच लोक बेस्ट न्यूकमर!

उपाशी_बोका
सारा मार्टिन आधीच ऐकून झाली. ती नाही. याला नाचायचा ठेका आहे. शब्द काय ते आठवत नाहीत, भांडण मिटवा असं काहीतरी होतं. जुनं वाटतं. कॅफेत वाजत होतं.

कॅसेटवाला
नाचायचा ठेका आणि ट्वी? कायच्या काय. लोक हल्ली युकुलेले दिसलं की ट्वी म्हणतात. ट्वी कुठून आलं ते आधी समजून घ्या. १९८६ साली एनएमई साप्ताहिकाने सी८६ नावाची कॅसेट काढली, २२ बँड, प्रत्येकाचं एक गाणं. त्यातल्या पेस्टल्स, शॉप असिस्टंट्स अशा लोकांच्या खळखळणाऱ्या गिटारी, सैलसर ड्रम आणि लाजत गायल्यासारखा आवाज, यावरून पुढे सगळ्यांना एकाच पिशवीत कोंबलं. खरं तर त्याच कॅसेटवर बिग फ्लेम आणि स्टंप पण आहेत, ते ऐकून कोणी गोड म्हणून दाखवा. अर्ध्या कॅसेटचा ट्वीशी संबंध नाही. आमच्याकडे ती कॅसेट अजून आहे, वाजते.

आवाजाचा_पक्का
असली जुनी गाणी ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नका एवढंच सांगेन. सेकंडहँड टर्नटेबल घ्या, पण सुई नवीन टाका, जुन्या सुईने रेकॉर्ड खराब होते. सात इंची असेल तर स्पीड ४५ वर ठेवायला विसरू नका.

झणझणीत
@आवाजाचा_पक्का कोणी विचारलं?

मिरजेचा_मेटलवाला
ट्वी म्हणजे बालवाडीचं संगीत. केसांना क्लिपा, हातात खंजिरी, गिटार लावता येत नाही म्हणून त्यालाच स्टाइल म्हणायचं. धाग्यावर काय मदत करणार, कपाळ. (हलके घ्या)

अनोरक_आत्या
@मिरजेचा_मेटलवाला निर्वाणा ऐकतोस ना? मग व्हॅसलिन्स कोण ते बघ. एडिनबरा-ग्लासगोकडच्या फिफ्टीथर्ड अँड थर्ड लेबलचा बँड, शुद्ध ट्वी कंपनी, आणि निर्वाणाच्या कोबेनने त्यांची एक नाही तीन गाणी गायली, त्यातलं एक १९९३ च्या एमटीव्ही अनप्लग्डमध्ये आहे. शिवाय त्याच्या हातावर के रेकॉर्ड्सच्या लोगोचा टॅटू होता, म्हणजे अमेरिकेतल्या ऑलिम्पियाचे, बीट हॅपनिंग बँडवाले कॅल्विन जॉन्सन यांचं लेबल. तुझा बालवाडीवाला सिद्धांत जरा परत तपास.
आणि गोड गोड म्हणून हिणवणाऱ्यांनी हेवनली बँडचं १९९३ चं ईपी (चारपाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड) ऐका. हार्ट्स अँड क्रॉसेस, चाल एकदम उडती, आणि गोष्ट बलात्काराची आहे. तेव्हाच्या समीक्षकांना नुसत्या क्लिपा दिसल्या. गाणारी अमेलिया फ्लेचर पुढे ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगची चीफ इकॉनॉमिस्ट झाली.
@उपाशी_बोका कॅफे कुठल्या गावातला?

उपाशी_बोका
अहो आत्या इथे गाणं विचारलंय, कॅफेचा पत्ता कशाला. ब्रिस्टलमधला आहे, मी इथेच शिकतो. त्याने काय फरक पडतो?

कॅसेटवाला
काय फरक पडतो!!! अरे ब्रिस्टलमध्ये राहून "सारा" ही गायिका म्हणून शोधतोयस? सारा हे लेबल आहे लेबल. सारा रेकॉर्ड्स. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ ला ब्रिस्टलमध्ये सुरू केलं, बहुतेक माल सात इंची सिंगल, सोबत हाताने बनवल्यासारखे कागद, फॅन्झिन (चाहत्यांनी काढलेली छोटी मासिकं). सिंगलवरची गाणी अल्बममध्ये परत कोंबून लोकांना दोनदा पैसे भरायला लावायचे नाहीत असला हट्ट. ५० नंबरची रिलीज रेकॉर्डच नव्हती, बोर्ड गेम होता. १०० नंबर झाला आणि १९९५ ला चालू दुकान स्वतःहून बंद केलं, पेपरात जाहिरात देऊन. दिवाळखोरी नाही, काही नाही. असं कोणी करतं का आज?
तुझ्या त्या बाईने "सारावरचं" असं म्हटलं असणार, तू सारा ऐकलंस.

उपाशी_बोका
बरं लेबल तर लेबल. पण मग गाणं कुठलं?

अनोरक_आत्या
त्यांच्या कलेक्शनची नावं बघ मजा येईल तुला, टेंपल क्लाउड, एअर बलून रोड, गॅओल फेरी ब्रिज, सगळी तुमच्याच भागातली.

उपाशी_बोका
गॅओल फेरी ब्रिजवरून तर कॉलेजला जातो मी. पण गाणं??

ग्लासगोचा_बाब्या
ब्रिस्टलचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, हे सगळं ग्लासगोत आधीच झालेलं. पोस्टकार्ड रेकॉर्ड्स लेबल, १९८०, त्यांचा ऑरेंज ज्यूस बँड. साराच्या लोकांनी तिथूनच उचललं. साराचा ऑर्किड्स बँड पण ग्लासगोचाच.

कॅसेटवाला
उचललं नाही, ऐकलं. फरक असतो. मग टोकियोच्या फ्लिपर्स गिटार बँडने १९८९ च्या पहिल्या अल्बमला ऑरेंज ज्यूसच्या गाण्याचंच नाव दिलं, ते पण उचललं का? तिथून शिबुया-के नावाची जपानी पॉपची अख्खी लाट आली.

झणझणीत
अवांतर दुसऱ्या धाग्यावर. सारा + नाचायचा ठेका, एवढ्यावर कोणाला काही सुचतं का?

अनोरक_आत्या
फील्ड माइस. दक्षिण लंडनचा बँड. मिसिंग द मून, १९९१. साराच्या जुन्या भक्तांना चक्कर आली होती ते ऐकून, ड्रम मशीन, क्लबमध्ये चालेल असं. ऐकून सांग.

उपाशी_बोका
ऐकलं. हे नाही. पण त्याच जातीचं आहे.

कॅसेटवाला
"भांडण मिटवा" म्हणालास ना मगाशी? आधी का नाही आलं माझ्या लक्षात. फील्ड माइसचंच लेट्स किस अँड मेक अप लाव. स्नोबॉल अल्बम, १९८९.

उपाशी_बोका
अरे चाल हीच!!!! शब्द पण हेच!! पण हा बाप्या गातोय. मला बाईचा आवाज पाहिजे. कॅफेतलं बाईचंच होतं, शंभर टक्के.

झणझणीत
मग सेंट एटिएन. त्यांनी १९९० ला हेच गाणं किस अँड मेक अप नावाने केलं, डब-डान्स छापाचं. आणि त्यांची गायिका सारा क्रॅकनेल! म्हणजे धागाकर्त्याची सारा शेवटी निघालीच की. टाळ्या.

कॅसेटवाला
टाळ्या थांबवा. सारा क्रॅकनेल तेव्हा आलीच नव्हती. सेंट एटिएन म्हणजे सुरुवातीला बॉब स्टॅन्ली आणि पीट विग्ज, दर गाण्याला वेगळी गायिका घ्यायची असा बेत होता. ओन्ली लव्ह कॅन ब्रेक युअर हार्ट मोइरा लँबर्टने गायलंय, आणि हे डोना सॅव्हेजने, न्यूझीलंडच्या डेड फेमस पीपल बँडची. क्रॅकनेल नंतर आली आणि राहिली. म्हणून तिचा आवाज डोक्यात ठेवून शोधलंत तर जुळणारच नाही.

अनोरक_आत्या
हो, आणि शोधताना हेवनली दिसलं तर गोंधळू नका, सेंट एटिएनचं ते लेबल, हेवनली रेकॉर्डिंग्ज. मी वर सांगितला तो हेवनली बँड वेगळा, तो साराचा. एकमेकांशी काही संबंध नाही.

उपाशी_बोका
हेच हेच हेच. हेच गाणं. सापडलं. खूप आभार सगळ्यांचे. मेटलवाल्याचे नाही.

कॅसेटवाला
फील्ड माइसचं मूळ पण लाव रे शनिवारी, दोन्ही एकामागे एक.

उपाशी_बोका
मूळ नको. लोक नाचायला येणारेत.

ग्लासगोचा_बाब्या
नाचायलाच येणार असतील तर कॅमेरा ऑब्स्क्युराचं फ्रेंच नेव्ही, २००९. सगळे उठतात.

कॅसेटवाला
तरी माझं म्हणणं तेच, सेंट एटिएनला ट्वी म्हणता येत नाही. गाणं ट्वी, बँड नाही.

मिरजेचा_मेटलवाला
व्हॅसलिन्स ऐकले. ठीक आहेत. पुढे बोलणार नाही.

आवाजाचा_पक्का
ती १९९० ची बारा इंची मिळाली तर स्पीड रेकॉर्डच्या मधल्या कागदावर बघूनच लावा, बारा इंची सगळ्या ३३ च्याच असतात असं नाही.

झणझणीत
बोक्या, शीर्षकात सारा काढून सेंट एटिएन टाक, पुढच्या माणसाला शोधताना सापडेल.

उपाशी_बोका
शीर्षक बदलता येत नाहीये, संपादनाची मुदत संपली असं दाखवतंय. ॲडमिन बघतील का?