पामुकची 'स्नो' मराठीत सांगताना: 'आम्ही' की 'आपण'?

कोथरूडचा_वाचक:
मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर रविवारी तुर्की लेखक ओरहान पामुकच्या 'स्नो' या कादंबरीवर मी बोलणारे आणि पार अडकलोय. वाचलंय इंग्रजीत, बोलायचं मराठीत, आणि त्यातल्या तुर्कस्तानच्या कार्स गावात जो तो 'वी, वी' करतोय, धार्मिक पोरं, कुर्द, जुने डावे, सगळेच. इंग्रजीत 'वी' एकच, तुर्कीतही 'बिझ' एकच, पण मला दर वेळी ठरवावं लागतंय की 'आम्ही' म्हणू का 'आपण'. विषय दिलाय 'सामूहिक ओळख', असला भारदस्त. कुठून सुरू करू?

पेठेतला_पाहुणा:
कादंबरीतल्या त्या कॉलेजच्या मुलींवरच्या, डोक्यावरच्या रुमालाच्या बंदीपासून सुरू करू नकोस बाबा. तिथेच दीड तास जातो, चहा गार होतो आणि पुस्तक राहतं बाजूला. अनुभवाचे बोल.

मावशी_वाचते:
अरे हॉटेल आशियाचा प्रसंग घे ना! बर्फाने रस्ते बंद, नाटकाच्या स्टेजवरून बंड झालेलं (सैनिक खऱ्या गोळ्या झाडतात आणि लोकांना आधी तेही नाटकच वाटतं, मला ते पान परत वाचवलं नाही), आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका खोलीत जमतात, कशाला, तर जर्मन पेपरात छापायला निवेदन लिहायला. त्यात एक कुर्द पोरगा म्हणतो, मी एवढंच लिहीन की आम्ही मूर्ख नाही, फक्त गरीब आहोत. लगेच त्याला विचारतात, 'आम्ही' म्हणजे कोण रे बाळा, तुर्क, कुर्द, की कार्सवाले? झाला की तुझा विषय. त्यांच्यात 'आपण' काही होतच नाही, जर्मनांनी वाचायचंय म्हटल्यावर तेवढ्यापुरतं 'आम्ही' होतं, तेही भांडत भांडत.

कोथरूडचा_वाचक:
मावशी, भारी! मग नायक कुठे बसवू? 12 वर्षं फ्रँकफर्टला राहून आलेला कवी, अंगात तिथल्याच दुकानातला कोट, तो बोलला तर आम्ही का आपण? (त्याचं नावच 'का', मराठीत वाचताना पानापानावर प्रश्न पडल्यासारखं होतं.)

पेठेतला_पाहुणा:
त्याला दोन्ही म्हणू दे आणि दोन्ही अवघडल्यासारखं वाटू दे, तो कोट गावात मिसळू देतच नाही त्याला. पण मावशींशी अर्धाच सहमत. फक्त जर्मनांपुरतं नाही ते, खुद्द पामुकही इस्तंबूलचा, खात्यापित्या घरातला, कार्सला तोही परकाच. कादंबरीत तो स्वतःच निवेदक म्हणून येतो, म्हणून तर शेवटी कार्सचा पोरगा फाझिल त्याला तोंडावर सांगतो की तू आमच्याबद्दल लिहिशील त्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये, इतक्या लांबून आम्ही कुणाला कळणार नाही.

मावशी_वाचते:
हो, हे मात्र खरं. ते वाक्य 'आम्ही'नेच कर हं. तिथे 'आपण' केलंस तर फाझिल लेखकाला चहाला बोलावतोय असं वाटेल.