वसाहतकालीन वेड्यांच्या इस्पितळांच्या अहवालांतील 'कारणे' कितपत विश्वासार्ह मानावीत?

दप्तरवाचक (मूळ प्रश्न):
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील वेड्यांच्या इस्पितळांचे जे वार्षिक अहवाल निघत, ते मी सध्या वाचत आहे. (स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते संगणकावर उपलब्ध करून दिल्यामुळे मोठी सोय झाली आहे.) वेडाच्या कारणांच्या तक्त्यांत गांजा आणि भांग इतक्या वेळा येतात, की हे निदान डॉक्टरांनी रोगी तपासून केले होते, की ते आणखी कोठून तरी आले होते, अशी शंका येते. या संस्थांचा कारभार प्रत्यक्षात कोण चालवत होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_कारकून:
शंका योग्य आहे. सरकारलाही ती उशिरा का होईना आलीच होती. 1858 च्या कायद्याने बेवारस भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम पोलिसांकडे दिले होते, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावर तो इस्पितळात दाखल होई. त्याच्यासोबत एक छापील वर्णनपत्र येत असे, ज्यात त्याच्याविषयीच्या इतर माहितीबरोबर वेडाच्या संभाव्य कारणाचाही रकाना असे. तो भरणारा बहुधा पोलीस अंमलदार. नातेवाईक सापडले नाहीत आणि माणूस नीट बोलत नसला, तर 'गांजा' लिहून मोकळे होणे त्याला सोपे पडे. पुढे तोच शब्द इस्पितळाच्या नोंदवहीत, तेथून वार्षिक तक्त्यात आणि अखेर सरकारच्या धोरणविषयक चर्चेत जाई.

गांजा-भांगेच्या वापराची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या 1893-94 च्या भारतीय गांजा-भांग आयोगाने नेमकी हीच साखळी उलट्या दिशेने तपासली. 1892 साली इस्पितळांत दाखल झालेल्या 1,344 रुग्णांपैकी 222 जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदले गेले होते. एकेका प्रकरणाची चौकशी केल्यावर आयोगाला त्यांपैकी केवळ 98 ठिकाणी ते कारण मान्य करता आले, आणि त्यातही निव्वळ गांजा-भांग हे कारण मानण्याजोगी प्रकरणे 61 च निघाली. माझ्या मते त्या काळच्या आरोग्यप्रशासनाविषयी याहून बोलकी आकडेवारी क्वचितच सापडेल.

रांचीकर:
वरील माहितीत एवढीच भर घालतो, की इस्पितळाचा अधीक्षक हा बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा सिव्हिल सर्जनच असे. दवाखाना, तुरुंग आणि शवविच्छेदने सांभाळून उरलेला वेळ तो वेड्यांना देई, त्यामुळे पोलिसांनी भरलेला रकाना खोडण्याइतकी चौकशी त्याच्याकडून होण्याचा संभव कमीच होता. पूर्णवेळ तज्ज्ञ अधीक्षकांची व्यवस्था हळूहळू रुजली. रांची येथे 1918 मध्ये युरोपियनांसाठी आणि 1925 मध्ये जवळच कांके येथे भारतीयांसाठी स्वतंत्र इस्पितळ सुरू झाले. दुसऱ्याचे अधीक्षक धनजीभॉय हे होते. एकाच गावात वंशानुसार दोन संस्था काढण्याचा हा खटाटोप मला नेहमीच खटकतो.

दप्तरवाचक:
आभारी आहे. मग वेड्यांविषयीच्या 1912 च्या नव्या कायद्याने काही फरक पडला का?

जुना_कारकून:
कागदोपत्री पडला. प्रत्येक इस्पितळावर किमान तीन अभ्यागत (म्हणजे पाहणी करणारे निरीक्षक) नेमणे आणि त्यांपैकी निदान एक वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक झाले. स्वेच्छेने राहणाऱ्या रुग्णाने जाण्याची सूचना दिल्यास त्याला चोवीस तासांहून अधिक काळ अडवून ठेवता येत नसे. मात्र अनिच्छुक रुग्णाचा प्रवेश पूर्वीप्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावरच अवलंबून राहिला. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात अशी 19 इस्पितळे असून त्यांत सुमारे दहा हजार खाटा होत्या, म्हणजे अंदाजे चाळीस हजार लोकांमागे एक. इंग्लंडात हेच प्रमाण सुमारे तीनशेंमागे एक होते. बहुतेक इमारती उपचारांपेक्षा कोंडून ठेवण्यासाठीच बांधलेल्या आहेत, असेही त्या वेळच्या पाहणीत आढळले.

तेव्हा कारणांचा तक्ता वाचताना तो रुग्णांविषयीचा पुरावा न मानता, वर्णनपत्र भरणाऱ्यांच्या समजुतींचा पुरावा मानावा. मृत्यू, खर्च आणि रुग्णांकडून करून घेतलेल्या कामाचे उत्पन्न यांचे रकाने इस्पितळातच भरले जात, म्हणून मी तरी प्रथम तेच पाहीन.