‘सार्थक’ फरक म्हणजे नेमका कसला फरक?

समाजशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या मुलांचे लघुप्रबंध वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘प्राप्त टी मूल्य सारणी मूल्यापेक्षा जास्त असल्याने ०.०५ स्तरावर दोन्ही गटांत सार्थक फरक आहे.’ इथवर ठीक. पण शिफारशींच्या प्रकरणात लगेच येतं, ‘फरक सार्थक असल्यामुळे शासनाने हा उपक्रम सर्व शाळांत राबवावा.’ परवा एका विद्यार्थिनीला विचारलं, सार्थक म्हणजे काय गं? ती म्हणाली, ‘म्हणजे उपक्रमाचं सार्थक झालं ना, मॅडम.’

तिला दोष कसा देऊ? जन्माचं सार्थक झालं, कष्टांचं सार्थक झालं, असंच ती घरात ऐकत आली आहे. संख्याशास्त्रात हा शब्द (इंग्रजीतला significant) फार मोजकं बोलतो. दोन गटांत मुळात काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने नमुन्यात दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी आहे, एवढंच. फरक मोठा की लहान, कामाचा की बिनकामाचा, हे तो सांगत नाही.

आकडे घेऊन बघा. गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेले आहेत ते, १० धरू. दहा-दहा हजार मुलांचे दोन गट, सरासरीत फरक अर्ध्या गुणाचा. प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक या फरकात योगायोगाने येणारा साधारण हेलकावा, येते सुमारे ०.१४, म्हणजे फरक तिच्या साडेतीन पट. सार्थक! आता ५०-५० मुलांचे गट, फरक ३ गुणांचा. प्रमाण त्रुटी २, गुणोत्तर, म्हणजेच टी मूल्य, १.५; ओलांडायचं सारणीतलं मूल्य १.९८. सार्थक नाही. अर्ध्या गुणाचं सार्थक होतं आणि तीन गुणांचं होत नाही, हे मुलांच्या गळी कसं उतरवायचं? दुसरा शब्द सुचतो का?

प्रतिसाद:
मानसशास्त्रात आम्ही ‘लक्षणीय’ लिहायचो. तो का नको?

प्रतिसाद:
‘लक्षणीय’ तर आणखी फसवा. ‘पावसात लक्षणीय घट’ अशी बातमी वाचली की घट भरपूर झाली असंच मनात येतं. ताईंच्या उदाहरणातला अर्धा गुण कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि आपण त्याला लक्षणीय म्हणायचं?

मला ‘सार्थक’ची बाजू घ्यावीशी वाटते. स + अर्थ, म्हणजे अर्थासहित, निरर्थकच्या उलट. इंग्रजीत हा शब्द संख्याशास्त्रज्ञ एजवर्थने १८८५ मध्ये आणि पुढे फिशरने १९२५ च्या पुस्तकात वापरला, तेव्हा त्यात ‘हा फरक काहीतरी सांगतो आहे, नुसती हेलकाव्याची करामत नाही’ एवढाच भाव होता. ज्याने कोणी मराठीत ‘सार्थक’ घेतला, त्याने व्युत्पत्तीला धरून नेमका घेतला. घोळ होतो तो मराठीत ‘सार्थक होणे’ यातलं नाम रुळल्यामुळे. विशेषण म्हणून आपण ‘सार्थ’ वापरतो. सार्थ ज्ञानेश्वरी म्हणजे अर्थ दिलेली ज्ञानेश्वरी. ‘सार्थ फरक’ म्हटलं तर?

प्रतिसाद:
‘सार्थ अभिमान’ कुठे ठेवाल? तिथे सार्थ म्हणजे योग्य, रास्त. पुन्हा शाबासकीच आली.

मी कोर्टाच्या कामातला माणूस, संख्याशास्त्र बेताचंच कळतं. पण तुमचं वाचून आमचा एक शब्द आठवला: दखलपात्र. गुन्हा दखलपात्र असला की पोलिसांना दखल घ्यावी लागते, तपास सुरू होतो. गुन्हा शाबीत झाला असा त्याचा अर्थ कोणीच काढत नाही. शिवाय दखलपात्र कोणता आणि अदखलपात्र कोणता, हे कायद्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, प्रकरण हातात आल्यावर नाही. तुमची ०.०५ ची रेघही आधीच आखायची असते ना?

प्रतिसाद:
वा, हे फारच नेमकं आहे. आणि आरोपी निर्दोष सुटला म्हणजे त्याने काही केलंच नाही हे सिद्ध झालं, असंही नसतं. आमच्याकडे प्रबंधात ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो’ असं बिनदिक्कत लिहितात. ती, म्हणजे ‘गटांत मुळात फरकच नाही’ ही धारणा, फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच म्हणायला हवं.

विषय निघालाच आहे तर ‘यादृच्छिक’ (इंग्रजीतला random) या शब्दावरही बोला. महाविद्यालयाच्या फाटकाशी उभं राहून भेटेल त्याच्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि ‘यादृच्छिक नमुना’ लिहायचं, हे मी कितीदा पाहिलंय.

प्रतिसाद:
त्या शब्दातच दुहेरी ओढ आहे. संस्कृतात यदृच्छा म्हणजे योगायोग, आणि मनमर्जीही. गीतेत ‘यदृच्छालाभसंतुष्टो’ येतं, तिथे आपोआप जे मिळेल ते. मुलं मनमर्जीचा अर्थ उचलतात. खऱ्या यादृच्छिक निवडीत निवडणाऱ्याच्या मर्जीला जागाच नाही. यादी हवी, आणि चिठ्ठी नाहीतर यादृच्छिक संख्यांची सारणी हवी.

गावाकडच्या मुलांना मी पीक कापणी प्रयोगाचं, म्हणजे शेतातला छोटा तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याचं, उदाहरण देतो. शेत कोणतं आणि शेतातला तुकडा कोणता, हे यादृच्छिक संख्यांवरून ठरतं. बांधावरून दिसणारं चांगलं पीक बघून नाही. नजरअंदाज पैसेवारी आणि कापणीनंतरचा आकडा यांतला फरक त्या पोरांना घरूनच ठाऊक असतो. ही पद्धत देशात शास्त्रशुद्ध पायावर उभी करण्यात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे, आणि ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवरचेही मान वर करतात.

मूळ लेखिका:
‘दखलपात्र’ मला फार आवडला. परीक्षेत आणि प्रबंधात ‘सार्थक’च राहील, तो मी एकटीने बदलू शकत नाही. पण वर्गात शिकवताना आता दखलपात्र म्हणणार आहे. आणि ‘सार्थक’ शब्दाआधी फरकाचा आकडा लिहिल्याशिवाय कुणाचंही प्रकरण पुढे जाऊ देणार नाही.

काल त्या मुलीला बोलावून तिचं वाक्य आम्ही दोघींनी पुन्हा लिहिलं. ६०-६० मुलांचे गट, प्रमाण विचलन दोन्हीकडे १० च्या आसपास. ‘प्रायोगिक गटाची सरासरी ४.२ गुणांनी जास्त आढळली. ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.६ ते ७.८ गुण. ०.०५ स्तरावर फरक सार्थक.’ विश्वासमर्यादा म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो, त्याची दोन टोकं. ती त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, ‘मॅडम, खरा फरक ०.६ च असला, तर सगळ्या शाळांत राबवायचं कशाला?’ शिफारशीचं वाक्य तिने स्वतःच खोडलं. तिथे आता काय लिहायचं, यावर आम्ही सोमवारी बसणार आहोत.